रेडिएटरमधला कूलर बाद करू नका

ट्रेलर ओढणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल थंड ठेवायला जादा कूलर लावायचा तर रेडिएटरमधून जाणारी ऑइलची लाइन बंदच करा, असं वर एकांनी सुचवलंय. मला नाही पटत. ऑइल आधी रेडिएटरमधून, मग जादा कूलरमधून आणि तिथून परत गिअरबॉक्समध्ये, हाच क्रम बरा. म्हणजे जादा कूलर परतीच्या लाइनवर येतो, तेव्हा ती कोणती ते आधी नक्की करा. गाडी थंड असताना सुरू केली की जी आधी तापते ती गिअरबॉक्समधून बाहेर जाणारी, दुसरी परतीची.

मी गोव्यातल्या मालीमहून फायबरची होडी ट्रेलरवर घालून चोर्ला घाटातून बेळगावला नेतो. चढावर वेग पडला की टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक सुटतं, तो आतल्या आत ऑइल घुसळत बसतो आणि खरी उष्णता तिथेच होते. कूलर नव्हता तेव्हा माझं लालभडक ऑइल कोऱ्या चहासारखं झालं होतं, वर जळका वास! आता घाटात मुद्दाम खालचा गिअर धरतो.

पाइप ट्रान्समिशन ऑइलचाच घ्या, पेट्रोलचा नको. माझ्या मेस्त्रीने जाळीतून प्लास्टिकचे पट्टे ओवून कूलर बांधला होता. सहा महिन्यांत घासून भोक. पत्र्याची ब्रॅकेट करून घ्या. आणि आपल्या खाऱ्या हवेत जाळी अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर मात्र कमी ठेवा.