मिनीडीव्ही चित्रणाचे आकारमान कमी करताना
मिनीडीव्ही या कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल फितीवरील तासाभराचे चित्रण संगणकावर सुमारे १३ जीबी जागा व्यापते, त्यामुळे फाइल लहान करण्यासाठी बिटरेट (दर सेकंदाच्या चित्रणासाठी वापरला जाणारा डेटा) कमी करावा, हा नेहमी दिला जाणारा सल्ला योग्यच आहे. परंतु त्याआधी डीइंटरलेसिंग (एकाआड एक ओळींच्या अर्धचित्रांपासून सलग पूर्ण चित्रे बनवणे) करणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीचा कॅमकॉर्डर सेकंदाला ५० अर्धचित्रे टिपतो आणि ती तशीच जोडली, तर धावणाऱ्या मुलाच्या कडांवर आडव्या रेघा उमटतात. या रेघा एच.२६४ या व्हिडिओ संकोचन पद्धतीमध्ये नाहक बिटरेट खातात आणि आकार बदलल्यावर नीट काढताही येत नाहीत. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसिंगचा फिल्टर लावून आरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) २० ते २२ ठेवावा आणि ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ हा पर्याय निवडावा, म्हणजे संपूर्ण फाइल उतरण्याआधीच चित्रफीत सुरू होते. मूळ डीव्ही फाइल मात्र कृपया पुसू नका. पुन्हा एन्कोडिंग (असे रूपांतर) करायचे झाल्यास तीच लागेल.