मदत हवी आहे: बीएस-एमडीच्या अर्जात अडलोय

नमस्कार मंडळी. आम्ही एडिसन, न्यू जर्सीला. लेक यंदा बारावीत जातेय आणि बीएस-एमडीचं (बारावीनंतरच पदवी आणि डॉक्टरकी दोन्हीचा एकत्र प्रवेश) तिने मनावरच घेतलंय. यादीत ब्राउन विद्यापीठाचा पीएलएमई, म्हणजे असाच ८ वर्षांचा कोर्स, नक्की. मार्कांचं म्हणाल तर तिथे सगळेच हुशार.

घोडं अडलंय निबंधावर. 'डॉक्टरच का?' यावर तिने आजोबांच्या डायलिसिसबद्दल लिहिलंय. मनापासून आहे, पण असे ढीगभर येत असणार. दर शनिवारी ती वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये जाते. तिथे नर्स एका मराठी आजींना विचारते, दुखणं १ ते १० मध्ये किती? आजी म्हणतात, "चालतंय." आता 'चालतंय' म्हणजे तीन की आठ, हे लेकीने सांगायचं! मला वाटतं हेच लिहावं. तिला ते फारच किरकोळ वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

दुसरं, ब्राउनला अर्ली डिसिजनने (लवकर अर्ज, पण प्रवेश मिळाला तर बांधील) अर्ज केला आणि पीएलएमई हुकून नुसतं ब्राउन मिळालं, तरी तिथेच जावं लागतं. ही उडी कोणी घेतलीय का? आणि १८ पूर्ण नसल्याने शॅडोइंगला (डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघायला) दोन दवाखान्यांनी नकार दिला, तुम्ही कसं जमवलं? मुलाखतीचे अनुभवही सांगा प्लीज.