क्लबहाउसमध्ये पंचिंग बॅग लावायची का? (ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. क्लबहाउसमधील व्यायामाच्या खोलीत पंचिंग बॅग बसवावी व आठवड्यातून दोन दिवस बॉक्सिंगचे प्रशिक्षण सुरू करावे, असा काही सभासदांच्या सह्यांचा अर्ज आला आहे. रविवारच्या कमिटी मीटिंगपूर्वी आपापली मते येथे मांडावीत. कृपया विषय सोडू नये.

ए-१०२: पार्किंगच्या अर्जाचं काय झालं?

सेक्रेटरी: तो विषय वेगळा आहे. 🙏

ए-४०१ काका: माझा विरोध नोंदवून घ्यावा. क्लबहाउस मारामारी शिकवायला बांधलेले नाही. सकाळी योगवर्ग चालतो, संध्याकाळी मुले टेबल टेनिस खेळतात, तेवढे पुरे. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूचे पुढे काय होते हे महंमद अलींकडे पाहून साऱ्या जगाला कळले आहे.

बी-७०३: काका, अर्जावर माझीही सही आहे, म्हणून लिहिते. मी कॉलेजपासून बॉक्सिंग करते. डोक्यावर मार बसण्याची तुमची भीती अगदी रास्त आहे. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलंय की वर्षानुवर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेल्यांची चाल अडखळते, बोलणं जड होतं, विचार मंदावतो. अलींना १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. तो ठोशांमुळेच झाला का यावर डॉक्टरांचं एकमत नाही, पण ठोसे निरुपद्रवी होते असंही कुणी म्हणत नाही.

आता अर्ज पुन्हा एकदा वाचा. त्यात स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, नाही. कुणी कुणाला मारणार नाही. दोरीवरच्या उड्या, पायांची हालचाल, शॅडो बॉक्सिंग (समोर कुणी नसताना हवेत ठोसे), बॅग आणि कोचने हातात धरलेले पॅड, एवढंच. खेळातला सगळ्यात धोक्याचा भाग वगळला तर जे उरतं ते व्यायाम म्हणून फार मोलाचं आहे, असं माझं मत आहे.

सी-६०४: हेल्मेट घालून स्पॅरिंग केलं तर काय बिघडतं? तो पॅडवाला हेडगार्ड असतो की.

बी-७०३: सगळ्यांना वाटतं तेवढा तो कामाचा नाही. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. ठोसा बसला की डोकं झटक्यात वळतं, मेंदू मात्र मागे राहतो आणि आतल्या आत ताणला जातो. हेडगार्डने भुवई फुटणं, कान सुजणं वाचतं, पण डोक्याचं ते वळणं थांबत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच उतरले होते.

सी-६०४: पण स्पॅरिंग नाही तर मग मजा काय उरली?

बी-७०३: तुला खरंच रिंगमध्ये उतरायचं असेल तर एखाद्या चांगल्या क्लबमध्ये नाव घाल. तिथे कोच समोर उभा असतो, दातांना माउथगार्ड असतो, आपल्या वजनाचा जोडीदार मिळतो, आणि घेरी आली तर तिथल्या तिथे थांबवणारं कुणीतरी असतं. सोसायटीच्या खोलीत यातलं काहीच नसणार.

ए-२०४: फॉरवर्ड आलाय: "एक तास बॉक्सिंग करा, १००० कॅलरी जाळा! पोट पंधरा दिवसांत सपाट!!" खरं आहे का हो? असेल तर मी उद्यापासून.

बी-७०१ फिजिओ ताई: ए-२०४, असे फॉरवर्ड पाठवण्याआधी थोडं गणित करत जा. व्यायाम किती जोरकस आहे ते मोजायला 'मेट' नावाचं एकक आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा १ मेट. त्याच्या तक्त्यात पंचिंग बॅग मारणं साधारण ५.५, स्पॅरिंग ७.८ आणि रिंगमधला सामना १२.८ असं दिलंय. मेटला किलोतल्या वजनाने गुणलं की तासाच्या कॅलरी येतात. ७० किलोच्या माणसाने तासभर बॅग मारली तर ३८५. हजाराच्या जवळपास जायला सामना खेळावा लागेल, तोही अखंड तासभर. तेवढा वेळ कुणीच खेळत नाही, व्यावसायिक सामनेसुद्धा जास्तीत जास्त १२ फेऱ्यांचे असतात. हाच माणूस भरभर चालला तर तासाला ३०० च्या आसपास.

ए-२०४: म्हणजे चालणं आणि बॉक्सिंग यात फार फरक नाहीच!

बी-७०१ फिजिओ ताई: कॅलरीत बेताचाच. पण चालताना खांदे, पाठ, कंबर यांना काम नसतं, आणि समोरचं बघून पटकन पाय हलवायची वेळही येत नाही. बॉक्सिंगमध्ये ते सगळं येतं. पोट सपाट करायचं तर काय खातो तेही बघावं लागेल, ते या ग्रुपवर नको.

सी-३०२: ताई, एका तासात नक्की करतात काय? मला फक्त बॅगेला धपाधप मारणारी माणसं डोळ्यांसमोर येतात.

बी-७०३: धपाधप मारणारा पाच मिनिटांत थकून खाली बसतो, आम्ही सगळे नवशिके तसेच होतो.

आधी दोरी. मग आरशासमोर पवित्रा: डावा पाय पुढे, उजव्याची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, हात गालांजवळ. डावखुऱ्यांचं याच्या उलट. नुसतं असं उभं राहून पुढे-मागे सरकायला शिकण्यातच बरेच दिवस जातात, आणि इथेच निम्मे लोक कंटाळून सोडून देतात. त्यानंतर ठोसे: जॅब (पुढच्या हाताचा सरळ), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ), हुक (बाजूने), अपरकट (खालून वर). नवख्याला वाटतं ठोसा हातातून येतो. खरं तर क्रॉस मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कंबर वळते, तिच्यामागून खांदा येतो आणि मूठ सगळ्यात शेवटी पोचते. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या आणि कमरेच्या बाजू भरून येतात. दंड दुखत असतील तर समजायचं की हातानेच मारतोय.

वेळ फेऱ्यांनी मोजतात. तीन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती. हा हिशेब बॉक्सिंगच्या १८६७ च्या इंग्लंडमधल्या नियमांपासून, म्हणजे क्वीन्सबेरी नियमांपासून, चालत आलाय. त्यात हातमोजेही आले आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंदही. नवीन माणसाला दोन मिनिटांची फेरीसुद्धा लांब वाटते. तिसऱ्या फेरीत दम लागला की हात आपोआप खाली येतात. तेव्हा ते वर ठेवायचे, श्वास सोडत मारायचं आणि पायही हलते ठेवायचे. हे सगळं एकाच वेळी सांभाळताना डोक्यात ऑफिसचं काही राहतच नाही. मला तरी याचंच व्यसन आहे.

सी-३०२: हे ऐकून बरं वाटलं. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, सारखा धुमसत असतो. बॅगेवर राग काढला तर शांत होईल ना?

बी-७०१ फिजिओ ताई: राग काढायला म्हणून पाठवू नका. ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना आधी चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याचाच विचार करत पंचिंग बॅग मारायला सांगितलं आणि काहींना नुसतं बसवलं. बॅग मारणाऱ्यांचा राग वाढला, स्वस्थ बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. कुणाचा तरी चेहरा डोळ्यांसमोर आणून मारलं की राग घटवला जात नाही, घोकला जातो.

बी-७०३: म्हणून चांगला कोच रागावलेल्या मुलाला बॅगेपाशी जाऊच देत नाही. दोरी देतो किंवा पॅडवर एकच जॅब पुन्हा पुन्हा मारायला लावतो. ठरलेल्या वेळी यायचं, सांगितलं तेवढंच करायचं, थांब म्हटलं की थांबायचं, ही शिस्त अंगात मुरली तर फरक पडतो.

सी-३०२: मग पाठवू की नको?

बी-७०१ फिजिओ ताई: अमेरिका आणि कॅनडा इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये मिळून सांगितलंय की मुलांना आणि किशोरांना स्पर्धात्मक बॉक्सिंगमध्ये घालू नका, कारण त्यात डोकं हेच लक्ष्य असतं. पोहणं, टेनिस असले खेळ सुचवा असं त्या म्हणतात. आपल्या वर्गात मुलांनी दोरी, पाय, शॅडो आणि पॅड करायला माझी हरकत नाही. मार द्यायचा-घ्यायचा प्रकार नको.

ए-४०१ काका: म्हणजे तज्ज्ञ माझेच म्हणणे मांडत आहेत.

बी-७०३: हो काका, डोक्याच्या बाबतीत तुमचंच.

ए-२०४: बायकांसाठी वेगळी वेळ असेल का? की आम्ही फक्त दोरीपुरत्या?

बी-७०३: काकू, महिलांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते लंडनला, २०१२ मध्ये. मेरी कोम तेव्हा जुळ्यांची आई होती आणि कांस्य घेऊन आली. तुम्ही सगळं करायचं. वेळ वेगळी हवी असेल तर तसं कमिटीला लिहा.

बी-१०४ आजी: मला एक विचारायचे आहे. आमच्या ह्यांना तीन वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. वर अलींचे वाचले म्हणून विचारते. ह्यांना असल्या व्यायामाचा उपयोग होईल का, की उलट त्रास?

बी-७०१ फिजिओ ताई: आजी, अमेरिकेत इंडियानापोलिसला २००६ मध्ये 'रॉक स्टेडी बॉक्सिंग' नावाचा उपक्रम सुरू झाला, तो पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठीच. सुरू करणारे स्कॉट न्यूमन स्वतः याच आजाराचे. तिथेही कुणी कुणाला मारत नाही, फक्त बॅग आणि पॅड.

पार्किन्सन्समध्ये हालचाली लहान-लहान होत जातात, पाऊल अडकतं, तोल जातो, आवाज बारीक होतो. बॉक्सिंगमध्ये हात लांब फेकायचा, कंबर वळवायची, पाऊल मुद्दाम उचलून टाकायचं, मोठ्याने आकडे म्हणायचे. नेमकं जे आक्रसत जातं त्याचाच सराव होतो. आजार बरा होतो असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आजोबांच्या न्यूरॉलॉजिस्टना आधी विचारा. गोळीचा असर चांगला असतो ती वेळ धरा. मागे धरायला एक माणूस हवाच, शेजारी खुर्ची हवी. हे सर्वांसोबतच्या वर्गात नको. मी स्वतः येऊन बघते, तुम्ही मला वेगळा मेसेज करा.

बी-१०४ आजी: देव तुझं भलं करो. करते.

ए-३०१: मला बीपी आहे, गोळी चालू आहे. मी लांबच राहू का?

बी-७०१ फिजिओ ताई: आटोक्यात असेल तर डॉक्टरांना विचारून या. मारताना श्वास कोंडून धरू नका, त्याने प्रेशर एकदम चढतं. प्रत्येक ठोशाला तोंडाने फुस्स करून श्वास सोडायचा. सुरुवातीचे काही आठवडे व्यायाम करताना एखादं वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. छातीत दुखलं, घेरी आली तर फेरी पुरी करायच्या फंदात पडायचं नाही.

आणि सगळ्यांसाठीच, हे दोन दिवस म्हणजे आठवडाभराचा व्यायाम झाला असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगितलाय, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पासष्टीच्या पुढे तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. बॉक्सिंगमध्ये सगळं पुढे ढकलणं असतं, मागे ओढणं जवळजवळ नाही. लॅपटॉपवर वाकून बसणारे आणखी वर बॅग मारायला लागले की खांदे अजून पुढे येतात. त्यांनी रोइंगसारखे ओढायचे व्यायाम सोबत केलेच पाहिजेत. सकाळचं चालणं, काकांचा योगवर्ग आणि झोप सोडून बॉक्सिंग करणार असाल तर नका करू.

सी-६०४: ग्लोव्हज सोसायटी देणार का?

बी-७०३: एकमेकांचे घामट ग्लोव्हज घालायची हौस असेल तर मागा! स्वतःचे घ्या. बॅगेसाठी १२ ते १६ औंसांचे चालतात. १६ औंस म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आणि आत हाताला गुंडाळायची साडेचार मीटरची पट्टी, ती मनगटापासून बोटांच्या सांध्यांपर्यंत नीट गुंडाळायची. ग्लोव्हज आहेत म्हणून पट्टी टाळणाऱ्यांचं मनगट पहिल्या महिन्यात दुखतं. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर बसला पाहिजे. करंगळीच्या बाजूवर बसला की तिथलं हाड मोडतं, डॉक्टर त्याला बॉक्सरचंच फ्रॅक्चर म्हणतात. गंमत म्हणजे ते भिंतीवर मूठ आपटणाऱ्यांना जास्त होतं.

बी-२०२: क्लबहाउसच्या बरोबर डोक्यावर माझी बेडरूम आहे. टेबल टेनिसचा टकटकाट सहन करतोय. बॅगेचं काय?

सी-१०१ सिव्हिलवाले: बरं झालं हा प्रश्न आला. स्लॅबला हूक ठोकून बॅग टांगायला माझा ठाम विरोध आहे. त्या खोलीत फॉल्स सीलिंग आहे, त्यात तर ती टिकणारच नाही. बॅग साधारण मारणाऱ्याच्या वजनाच्या निम्मी असते, म्हणजे ३५-४० किलो. झुलायला लागली की स्थिर वजनापेक्षा बराच जास्त झटका बसतो, आणि प्रत्येक ठोशाचा हादरा स्लॅबमधून थेट बी-२०२ च्या पलंगाखाली जाईल. जमिनीवर उभी राहणारी बॅग घ्या. तिच्या बुडात वाळू किंवा पाणी भरतात. वाळू जड, कमी सरकते. खाली जाड रबरी मॅट आणि भिंतीपासून चारही बाजूंनी मोकळी जागा.

बी-७०३: झुलत्या बॅगेची मजा उभ्या बॅगेला नाही, ती अंगावर परत येते म्हणून पाय हलवावे लागतात. पण वरच्यांची झोप जाणार असेल तर उभीच घेऊ. पॅडवर कोच तेवढी कसर भरून काढेल.

बी-२०२: आणि सकाळी सातच्या आधी नको.

सेक्रेटरी: मीटिंगपुढे ठेवायचा मसुदा: उभी बॅग, रबरी मॅट, सकाळी ७ पूर्वी व रात्री ९ नंतर बंद. स्पॅरिंगला मनाई. १६ वर्षांखालील मुलांसोबत पालक आवश्यक. ज्यांना आजार आहे त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच यावे. काही राहिले का?

ए-४०१ काका: "स्पॅरिंगला मनाई" एवढे मोघम नको. "कोणत्याही कारणाने, गमतीनेसुद्धा, कोणीही कोणाच्या डोक्यावर ठोसा मारणार नाही, मारल्यास प्रवेश बंद" असे लिहा. माझा विरोध तरीही कायम आहे, पण बहुमत झालेच तर निदान नियम तरी नीट असावा.

बी-७०३: काकांचं वाक्य जसंच्या तसं घ्या. आणि प्रशिक्षक ठरवताना त्याला प्रथमोपचार येतो का हे आधी विचारा.

सेक्रेटरी: घेतले.

सी-३०२: धाकटी आठ वर्षांची आहे, ती नुसत्या दोरीला आली तर?

बी-७०१ फिजिओ ताई: येऊ दे. बॅगेच्या मागे उभी राहू देऊ नका, उभी बॅग कलंडते कधीकधी.