मदत हवी आहे: बबल सॉर्ट उलटसुलट उत्तर देतोय (अर्जंट)

निद्रानाश_०७: उद्या सबमिशन आहे. बबल सॉर्ट (शेजारशेजारच्या आकड्यांची तुलना आणि अदलाबदल करत यादी लावणारा प्रोग्राम) लिहिलाय, लॉजिक बरोबर आहे, तरी आकडे चढत्या क्रमाने लागत नाहीत. काल ५ ३ ८ १ देऊन बघितलं तेव्हा नीट चालला होता. लवकर सांगा प्लीज.

जुने_खोड: भाषा कोणती? कोड कुठाय? आउटपुट काय येतंय? इथे कुणी ज्योतिषी नाही.

सांजवेळ: आतला लूप एक घर जास्त पळत असणार. घर क्रमांक ‘जे’ आणि ‘जे+१’ यांची तुलना करताना शेवटच्या घराच्या आधी थांबायचं, नाहीतर सीमध्ये अ‍ॅरेबाहेरचा कचरा आत येतो.

निद्रानाश_०७: सी नाही, पायथन. एरर काहीच येत नाहीये. मोबाइलवरून लिहितोय, कोड टाकता येत नाही.

कोडगा: पायथन आहे तर तयार .सॉर्ट() मार आणि झोप. २००२ मध्ये टिम पीटर्सने पायथनच्या सॉर्टसाठी टिमसॉर्ट लिहिला तो कशासाठी?

जुने_खोड: आणि एक्स्टर्नल परीक्षकासमोर काय दाखवणार, .सॉर्ट()?

कोडगा: मुळात बबल सॉर्ट शिकवायचाच कशाला? १००० आकड्यांना ४,९९,५०० तुलना! इन्सर्शन सॉर्ट शिकवा. टिमसॉर्टसुद्धा छोट्या तुकड्यांना तोच लावतो.

शून्य_ते_एक: तिसरा व्हेरिएबल न घेता अदलाबदल करायची युक्ती सांगतो. आधी दोघांची बेरीज करायची, मग...

सांजवेळ: अहो, पायथनमध्ये अ, ब = ब, अ एवढ्यात काम होतं. आणि त्याने हे विचारलंय का?

जुने_खोड: धागाकर्ते, आउटपुट!!

निद्रानाश_०७: दिलं ४५ ७ १०० १२ ९. आलं १०० १२ ४५ ७ ९.

चहाटळ: अरे, सॉर्ट बरोबरच झालाय, फक्त आकड्यांचा नाही, शब्दांचा! इनपुट() स्ट्रिंग (म्हणजे नुसता मजकूर) देतं, स्प्लिट() केलं तरी तुकडे स्ट्रिंगच. मग तुलना पहिल्या अक्षरापासून होते. ‘१’ आधी, ‘४’ नंतर, म्हणून १०० सगळ्यांच्या पुढे. काल सगळे एकअंकी होते म्हणून खपून गेलं. वाचतानाच लिस्ट(मॅप(इंट, इनपुट().स्प्लिट())) कर, लूपला हात लावू नकोस.

निद्रानाश_०७: झालं!! थँक्यू ताई. व्हायवात बेस्ट केस (सगळ्यात कमी काम कधी लागतं) विचारला तर?

चहाटळ: फेरीत अदलाबदल झाली का, याचा फ्लॅग (हो/नाही खूण) ठेवलायस? असेल तर आधीच लागलेल्या एन आकड्यांच्या यादीला एकच फेरी, एन-१ तुलना. नसेल तर तिथेही काम एनच्या वर्गाच्या प्रमाणात.

नवखा_पाहुणा: विंडोज ११ वर टर्बो सी (जुना डॉसवरचा सी कंपायलर) कसं चालवायचं? आमच्याकडे अजून तेच आहे.

जुने_खोड: डॉसबॉक्स, डॉसचे जुने प्रोग्राम त्यात चालतात. आणि वेगळा धागा काढा.