तेवीस दिवस व्हेप, मग एक सिगारेट: मोजणी पुन्हा शून्यापासून?

लेस्टरकर
सोळा वर्षं रोज पंधरा-सोळा सिगारेटी ओढत होतो. इथे इंग्लंडात सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या केंद्रात व्हेप, म्हणजे निकोटीनची वाफ ओढायची ई-सिगारेट, फुकट मिळाला. सिगारेट सोडून व्हेपकडे वळणाऱ्या दहा लाख लोकांसाठी सरकारने २०२३ मध्ये योजना जाहीर केली होती, त्यातलाच. तेवीस दिवस एकही ओढली नाही.

चोविसाव्या दिवशी मित्राकडे जेवायला गेलो. व्हेपची बॅटरी उतरलेली, दोन बिअर झालेल्या आणि मागच्या अंगणात तिघं सिगारेट ओढत उभे. एक मागून घेतली. परत येताना पाकीटही घेतलं, वीसचंच, कारण दहाचं इथे २०१७ पासून विकता येत नाही. घरी पोचल्यावर आणखी चार ओढल्या.

माझं म्हणणं असं की पहिली तलफेने ओढली. पुढच्या चार मात्र "आता मोडलंच आहे" या विचाराने ओढल्या. तेवीस दिवस वाया गेले असं मनाने धरलं, मग जपायला काही उरलंच नाही. म्हणून मी मोजणी शून्यावर नेणार नाही. पंचविसाव्या दिवशी सकाळी व्हेप चार्ज करून पुढे चालू केलं आहे.

ही माझ्या मनाची समजूत नाही. इंग्लंडात ८८६ जणांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानंतर सिगारेटमुक्त राहिलेले व्हेपवाल्या गटात १८ टक्के होते, निकोटीनचे पॅच (त्वचेवर लावायची पट्टी) किंवा च्युइंगम अशा गोष्टी वापरणाऱ्या गटात ९.९ टक्के. तिथे "सिगारेटमुक्त" म्हणजे ठरलेल्या दिवसानंतरचे पहिले दोन आठवडे सोडून, वर्षभरात पाचपेक्षा जास्त नाहीत. म्हणजे अभ्यासकांनीही घसरण्याला जागा ठेवली आहे. तुम्हाला काय वाटतं?

माणदेशी
मला हे अजिबात पटत नाही, आणि तुमच्या काळजीपोटीच स्पष्ट लिहितो.

पाच सिगारेटींची सूट ही अभ्यासकांची फूटपट्टी आहे. ओढणाऱ्याच्या हातात ती दिली की तो ती खर्च करतो. माझे थोरले बंधू सात महिने बिडीपासून दूर होते. लग्नाच्या मांडवात एक ओढली. "एकच तर आहे" म्हणाले. मग रविवारी एक, मग बाजाराच्या दिवशी एक. वर्षभरात बंडल पुन्हा खिशात. तो दिवस आम्ही गंभीरपणे घेतला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरं, कमी ओढणं आणि सोडणं यांत मोठं अंतर आहे. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा रोज एक ओढणाऱ्यालाही असतो, असं २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. व्हेप अधिक दोन सिगारेटी, या मुक्कामावर माणूस वर्षानुवर्षं राहतो आणि आपण सुटलो असं समजतो. म्हणून नियम एकच: एक झुरकाही नाही. आणि मोडला तर मोजणी शून्यावर. ते दुखलं पाहिजे.

तुम्ही सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासातला आणखी एक आकडा लिहायला हवा होता. व्हेपने सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते.

निशिगंध
मी इंग्लंडातच अशा एका केंद्रात सल्लागार आहे.

माणदेशी, "एक झुरकाही नाही" हे आम्हीही पहिल्याच भेटीत सांगतो. नियम बरोबर आहे. पण नियम मोडलेला माणूस समोर बसलेला असतो तेव्हा तोच नियम पुन्हा ऐकवून काही हाती लागत नाही. "दुखलं पाहिजे" म्हणता, तर ज्यांना फार दुखतं ते पुढच्या भेटीला येतच नाहीत. हे मी कितीदा पाहिलंय.

लेस्टरकर, मला तुमच्या मोजणीपेक्षा व्हेपमध्ये भरायच्या निकोटीनच्या लिक्विडची चिंता आहे. दर मिलिलिटरला किती मिलिग्रॅम निकोटीनचं वापरता?

लेस्टरकर
सहा.

निशिगंध
मग तलफ येणारच! रोज पंधरा सिगारेटींवरून आलेल्या माणसाला सहा बहुतेक वेळा पुरत नाही. इथे कायद्याने २० मिलिग्रॅमपर्यंत मिळतं. घशाला जास्त टोचत असेल तर निकोटीन सॉल्टवालं घ्या, ते सौम्य लागतं. ओढण्याची पद्धतही बदला. सिगारेटसारखे भराभर झुरके नकोत, सावकाश आणि लांब. सिगारेटमधलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, व्हेपला वेळ लागतो, त्यामुळे दिवसभर थोडं थोडं घ्यावं लागतं. जळका वास आला तर कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, बदला. जळक्या चवीला कंटाळून सिगारेटकडे वळलेले लोक मी पाहिले आहेत. जोडीला पॅच लावला तरी चालतो. आणि बाहेर जाताना दुसरी चार्ज केलेली बॅटरी, निदान पहिले तीन महिने.

पाकिटात उरलेल्यांचं काय केलंत?

दर्यावर्दी
इथे थोडं थांबवतो, कारण हे वाचणारे बरेचजण भारतात आहेत. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा सगळंच बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पानटपरीमागे चोरून जे मिळतं त्यात किती निकोटीन आहे हे सांगायला कोणी बांधील नाही. इंग्लंडातले २० मिलिग्रॅम आणि इथले २० मिलिग्रॅम एक समजू नका.

इथे घसरलेल्याला मार्ग म्हणजे निकोटीनचं च्युइंगम, जे औषधाच्या दुकानात मिळतं, डॉक्टर, आणि पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक. मी च्युइंगमवर सुटलो. दोनदा घसरून. दोन्ही वेळा कुणी रागावलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा सांगायची हिंमत झाली.

माणदेशी
दर्यावर्दींचं शेवटचं वाक्य लागलं. दादांना आम्ही रागावलोही नव्हतो आणि विचारलंही नव्हतं. कदाचित विचारायला हवं होतं. पण मोजणीबद्दल माझं मत तेच आहे. लेस्टरकर, तेवीस दिवस तुमचेच आहेत, ते कोणी घेत नाही. फक्त आजचा दिवस "सव्विसावा" म्हणू नका, "दुसरा" म्हणा. नाहीतर पुढच्या पार्टीत त्या पाचांमधल्या किती उरल्या हे मोजाल.

लेस्टरकर
पाच तर त्या एकाच रात्री संपल्या, म्हणजे अभ्यासकांच्या हिशेबानेही माझ्याकडे आता एकही शिल्लक नाही. हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं. तरी मी सव्विसावाच म्हणेन. "दुसरा" म्हटलं की मला त्या रात्रीचा वास येतो.

निशिगंध, पाकिटात सोळा उरल्या होत्या. गाडीच्या कप्प्यात होत्या, आत्ता नळाखाली भिजवून टाकल्या. शनिवारी पुन्हा त्याच मित्राकडे जायचं आहे. त्याला फोन करून सांगितलं की मी मागितली तरी देऊ नको. लिक्विड उद्या बदलतो.