रेशीची कॉफी, गुळवेलीची बाटली आणि आईच्या सोडलेल्या गोळ्या

हुतात्माबाग

सोलापूरकरांनो, रागात लिहितोय. शब्द इकडे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी ओळखीतल्या एक वहिनी ‘दहाच मिनिटं’ म्हणून आल्या आणि अडीच तास बसल्या. उठल्या तेव्हा आईसमोर रेशी मशरूमच्या कॉफीचा डबा, त्याच मशरूमच्या कॅप्सूल आणि गुळवेल-अश्वगंधेची एक बाटली होती. झाले साडेसात हजार. आई ६८ वर्षांची. बारा वर्षांपासून साखर, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. वहिनी म्हणाल्या, “काकू, त्या केमिकलच्या गोळ्या हळूहळू सुटतील बघा.” आईने हळूहळूची वाट बघितलीच नाही, साखरेच्या गोळ्या दुसऱ्या दिवशीच बंद. स्टेंटच्या तेवढ्या चालू ठेवल्या, नशीब आमचं. उपाशीपोटी २८६ आली तेव्हा घरात कळलं.

माझं मत सांगतो. गड्डा यात्रेत सतरंजी टाकून मुळ्या विकणारा आणि होटगी रोडच्या हॉटेलात ब्लेझर घालून प्रोजेक्टर लावणारा, दोघं एकाच माळेचे मणी. उलट सतरंजीवाला बरा, तो पन्नास रुपयांत फसवतो. औषध म्हणून ज्याची परीक्षा झाली नाही ते आरोग्याच्या नावाने विकायला बंदी पाहिजे. चूर्ण, काढा, कॅप्सूल, सगळ्याला. बोला आता.

गड्डा_गँग

काय बोलूलालास बे! सतरंजीवाल्याला कशाला मधी ओढलास? आमच्या आज्जीचे गुडघे त्याच्याच तेलानं थांबले होते. दोन दिवस थांबले, पण थांबले.

बाळीवेसचा_वैद्य

तुमच्या आईंचं झालं ते वाईटच झालं. पण त्या रागात तुम्ही आमचं सगळं दुकानच पेटवायला निघालात, म्हणून लिहितो. बावीस वर्षं प्रॅक्टिस आहे.

पहिली गोष्ट, रेशी आयुर्वेदातलं नाही. ती चीन-जपानकडची, तिकडे तिला लिंगझी म्हणतात. चरकसंहितेत छत्र्यांचा, म्हणजे अळिंब्यांचा उल्लेख येतो तो भाज्यांच्या ओघात, आणि त्यांची ओळख काय, तर थंड, पचायला जड, पडसं आणणाऱ्या. त्यावर ‘पाच हजार वर्षांचा आयुर्वेद’ असं छापून कॉफी विकणं ही आमचीच बदनामी आहे.

दुसरी गोष्ट, अश्वगंधा ही बाटली नव्हे, ते मूळ आहे. ग्रंथात मूळ सांगितलंय. पानं स्वस्त पडतात, म्हणून अर्कात पानं ढकलतात. आयुष मंत्रालयाला २०२१ मध्ये उत्पादकांना त्यावर बजावावं लागलं. थायरॉईड वाढलेल्या बाईला मी अश्वगंधा देत नाही. दूध पचत नसेल त्याला दुधातून देत नाही. प्रकृती, मात्रा, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते) बघून जे देतात त्याला चिकित्सा म्हणतात. अडीच तास बसून देतात ती विक्री. दोन्हींवर एकच बंदी कशी घालता?

आणि परंपरेतलं सगळं अंधारातलं असतं असंही नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेवरचा आपला अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, तेव्हा कुठे जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. पुढे तिच्यातून रेझर्पिन निघालं. रक्तदाबाला तेव्हा दुसरं होतंच काय?

रात्रपाळी

वैद्यराज, सर्पगंधेचा दाखला तुम्ही दिलात, पण तो माझ्या बाजूने पडतो. मुळीतून रेझर्पिन वेगळं काढलं, मात्रा ठरली, लाखो लोकांनी घेतलं आणि मगच लक्षात आलं की काही रुग्ण खिन्न होतात. म्हणून ते मागे पडलं. चूर्णच देत राहिलो असतो तर हे कुणाच्या वहीत नोंदलं गेलं असतं?

मी पोटविकार विभागात नर्स आहे, सध्या पुण्यात, माहेर कन्ना चौक. कोविडनंतर कावीळ झालेले असे रुग्ण मी बघितलेत की ‘कुठलं औषध घेता?’ विचारलं तर ‘काहीच नाही’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी सून हळूच सांगते, रोज सकाळी गुळवेलीचा काढा असतो. काढा हा औषधात मोजायचाच नसतो ना! २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र होतं. प्रतिकारशक्ती वाढवा, वाढवा म्हणून ओरडणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

बाळीवेसचा_वैद्य

गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. आपली ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आयुष मंत्रालयाने तेव्हाच हा मुद्दा काढला होता. लोक कुंपणावरची कुठली वेल तोडून उकळतात, देव जाणे. आणि कोट्यवधींनी काढा प्यायला, त्यातले ४३.

रात्रपाळी

४३ म्हणजे सापडलेले. ‘काहीच नाही’ म्हणणारे त्यात नाहीत. आणि वेल ओळखता येत नाही हे तुम्हीच म्हणताय, मग ती ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ असं बाटलीवर कसं चालतं?

स्वावलंबी

मी हे डबे विकण्याच्या, साखळी पद्धतीच्या व्यवसायात आहे. कंपनी कुठली ते सांगत नाही, सांगितलं की धागा तिकडेच जाईल. धाग्यातल्या वहिनी मी नव्हे, पण असू शकले असते.

कुणाच्या गोळ्या बंद करायला सांगणं चूक. आमच्यातल्या काही जणी सांगतात, त्यांना मी तोंडावर बोलले आहे. पण इथे सगळे शहाणे लोक एक गोष्ट विसरतात. लोक आमच्याकडे का येतात? डॉक्टरांकडे पाचशे रुपये देऊन दीड तास बाकावर बसायचं, आत गेल्यावर दोन मिनिटं, त्यातलं एक मिनिट ते फोनवर. म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारत नाही, झोप लागते का, पाय कुठं दुखतो. मी विचारते. अडीच तास बसले म्हणून हसताय, पण त्या अडीच तासांत काकू किती बोलल्या असतील?

माझी आई विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या वळता वळता मान गेली. मी बारावी झालेली, नोकरी कुठली मिळणार होती? या डब्यांवर माझ्या मुलीची कॉलेजची फी निघाली. मी स्वतः रेशी घेते. मला तरतरी वाटते.

गड्डा_गँग

ताई, तरतरी कॉफीची असंल की ओ. डब्यात कॉफी हाय ना?

हुतात्माबाग

@स्वावलंबी, तुमचं बाकाचं खरं आहे. ते वाचून गप्प बसलो थोडा वेळ. तरी विचारतो, साखर कमी होते असं तुमच्या मीटिंगमध्ये कशाच्या जोरावर सांगतात?

रात्रपाळी

मी सांगते. रेशीवर २०१५ मध्ये कोक्रेनचा, म्हणजे औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. पाच चाचण्या, मिळून ३९८ माणसं. टाइप २ मधुमेहात साखर कमी करायला रेशी वापरावी, याला त्यातून आधार मिळाला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रेशी घेताना जपावं, असंही डॉक्टर सांगतात, कारण ती स्वतः प्लेटलेटच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या कामात ढवळाढवळ करू शकते. स्टेंटवाल्या काकूंना हे विचारायला अडीच तासांत वेळ झाला नाही का?

आणि ती ‘केमिकलची गोळी’! मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या युरोपातल्या झुडपात आहे. तिकडे लोक ती वनस्पती मधुमेहाच्या लक्षणांवर घेत. तिच्यातला घटक जसाच्या तसा विषारी निघाला म्हणून त्याच कुळातलं सौम्य रसायन शोधलं, आणि १९५७ मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने ते मधुमेहींवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. काकूंनी जडीबुटीची नात सोडून जडीबुटी धरली.

नवीपेठ_केमिस्ट

दुकानात बसून टाइप करतोय, थोडक्यात. हातातली बाटली उलटी करा. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनली असेल तर तसा परवाना क्रमांक असतो. ‘हेल्थ सप्लिमेंट’ असेल तर अन्न खात्याचा चौदा आकडी नंबर असतो आणि बारीक अक्षरात छापलेलं असतं की औषधी उपयोगासाठी नाही. म्हणजे कंपनी कागदावर म्हणते ‘हे औषध नाही’, आणि हॉलमध्ये माइकवर म्हणते ‘साखर जाते’.

त्या माइकसाठी १९५४ चा कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब बरा करतो अशी जाहिरातच करायची नाही. आणि जाहिरात म्हणजे नुसता पेपरातला चौकोन नव्हे. लेबल, पत्रक, तोंडी घोषणा, सगळं त्यात येतं; व्याख्येत धूर सोडून केलेली जाहिरातसुद्धा आहे, खोटं वाटेल. बंदी नवीन नको आहे, जुनीच कुणीतरी वाचायला पाहिजे.

माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त खपणारी वस्तू विचाराल तर हेच डबे. मार्जिन सांगत नाही, बायको वाचते.

कोकणची_सून

मूळ धाग्यातल्या ‘सगळ्याला बंदी’शी मी अजिबात सहमत नाही. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा ट्रंकेत फणसांबा होता. माहीत नसेल त्यांच्यासाठी, फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखी टणक बुरशी येते ती. आमच्याकडे बाळाचं तोंड आलं की सहाणेवर उगाळून एक बोट आतून फिरवतात. माझ्या दोन्ही मुलांना केलंय. सासूबाईंनी पहिल्यांदा बघून विचारलं होतं, “हे काय दगड उगाळतेस?” आता शेजारणींना त्याच देतात.

यात कंपनी नाही, मीटिंग नाही, साडेसात हजार नाहीत. दोन दिवसांत फरक पडला नाही तर दवाखाना, हेही आजीनेच शिकवलेलं. यालाही परवाना मागणार का?

रात्रपाळी

ताई, उगाळून तोंडाला लावायचं म्हणजे दवाखाना येईपर्यंतचा उपाय. तुमच्या आजीला कुठे थांबायचं ते माहीत होतं. पण खूप लहान बाळाला मी तेही नको म्हणेन. सहाण किती स्वच्छ असते?

कोकणची_सून

सहाण तुमच्या वॉर्डातल्या ट्रेपेक्षा स्वच्छ असते.

सांगोल्याचा_शेतकरी

तुम्ही खाणाऱ्यांचं बोलताय, पिकवणाऱ्यांचं कुणी बोलंना. आमच्या चुलत्यांनी सफेद मुसळी लावली होती. कंपनीने बियाणं दिलं, सोन्याच्या भावात, आणि सगळा माल परत घेतो म्हणून स्टॅम्पवर लिहून दिलं. माल निघाला तेव्हा ऑफिसला कुलूप. मुळ्या सोलून वाळवून दोन वर्षं पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. शेवटी भोकं पडली. डाळिंबाचं तेल्या रोगानं वाटोळं झालं तरी बाजारात जाऊन किलोचा भाव विचारता येतो. मुसळीचा भाव विचारायला मला बाजारच सापडला नाही.

आता तोच खेळ कीडाजडीचा आलाय. खरी कीडाजडी म्हंजे एक बुरशी, पिठोरागडकडं हिमालयात, जमिनीतल्या अळीच्या अंगातनं उगवते. प्रयोगशाळेत करतात ती कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, बरणीत तांदळावर. जात वेगळी, नाव मात्र एकच सांगतात. ‘एका खोलीत लाखो कमवा’, ट्रेनिंग फी अठरा हजार. भाचा भरायला निघाला होता. मी म्हटलं, विकणार कुणाला? म्हणतो, ट्रेनिंग देणारेच घेणार. स्टॅम्प आणू का म्हटलं.

बांधावर तरवड फुकट उगवतोय, त्याला इचारत नाही कुणी.

बाळीवेसचा_वैद्य

तरवडाची फुलं आमच्याकडे प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या विकारांत वापरतात बरं का. पण हे लिहिलं की उद्या तरवडाची कॉफी येईल, म्हणून इथेच थांबतो.

स्वावलंबी

@नवीपेठ_केमिस्ट, लेबल आत्ता उलटं करून वाचलं. ओळ आहे. चार वर्षं विकतेय, माझ्या लक्षात आली नव्हती. आमच्या ग्रुपवर फोटो टाकला, अपलाइनने, म्हणजे साखळीत माझ्या वरच्या बाईने, पाच मिनिटांत डिलीट करायला लावला.

व्यवसाय सोडणार नाही, फी भरायची आहे. पण साखरेवाल्यांना देणार नाही. यावर हसायचं असेल तर हसा.

हुतात्माबाग

नाही हसत. ‘सगळ्याला बंदी’ हे मी मागे घेतो, फणसांबावाल्या ताईंपुरतं तरी. वैद्यांच्या चूर्णाचं अजून ठरत नाही. यकृताच्या तपासण्या करून घेतल्या, आईच्या ठीक आल्या. गोळ्या पुन्हा सुरू, काल उपाशीपोटी १५२.

वहिनींना फोन केला होता. फोडलेला माल परत घेत नाहीत म्हणाल्या, आणि आई झोपली का, पाय दुखायचे थांबले का, तेही विचारलं. कॅप्सूल फेकल्या. कॉफीचा डबा टाकायला गेलो तर आईने हातातून घेतला. झाकण घट्ट आहे म्हणे, शेंगाचटणीला होईल.