'डक्टाइल' हा शब्द तुम्हाला कुठे भेटला?

मराठी माध्यमात आपण 'तन्यता' शिकलो: धातूची तार काढता येण्याचा गुण. एक ग्रॅम सोन्याची सुमारे दोन किलोमीटर तार निघते, हे तर सगळ्यांना आठवत असेल. पुढे हाच गुण 'डक्टाइल' होऊन समोर आला. तुमच्या समोर कोणत्या वस्तूतून आला? व्याख्या नको, वस्तूबद्दल लिहा.

फाउंड्री, कोल्हापूर
आमच्याकडे सगळे 'एसजी' (स्फेरॉइडल ग्राफाइट, म्हणजे गोळ्यांच्या रूपातलं ग्राफाइट असलेलं बीड) म्हणायचे, ड्रॉइंगवर मात्र 'डक्टाइल आयर्न'. मेल्टिंगवरच्या काकांनी साध्या बिडाच्या पट्टीवर घण घातला, टणकन दोन तुकडे. एसजीची पट्टी नुसती वाकली. "ह्यात मॅग्नेशियम पडलंय बाळा," एवढंच म्हणाले. साध्या बिडात ग्राफाइट पापुद्र्यांसारखं पसरतं, तडा त्याच वाटेने धावतो. मॅग्नेशियममुळे त्याच्या बारीक गोळ्या होतात आणि तड्याची वाट अडते. ग्रेड ५००/७ मधला ७ म्हणजे तुटण्याआधी निदान ७ टक्के लांबायला हवं. काकांसारखं शिकवणारा पुढे कॉलेजातही भेटला नाही.

साइट इंजिनिअर, लातूर
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं. दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवद. त्या घरांना वाकणं माहीतच नव्हतं. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस १३९२० पहिल्यांदा त्याच वर्षी आलं, आणि त्याच्या नावातच 'डक्टाइल' आहे. म्हणून कॉलमच्या रिंगचा हूक १३५ अंशांत आत वळलाच पाहिजे, यावर मी अडून बसतो. ९० अंशांचा हूक बाहेरचं काँक्रीट निखळलं की उघडतो, मग उभ्या सळ्या बाहेर फुगतात. फिटर म्हणतात, "साहेब, वेळ जातो." जाऊ दे. इमारत वाकली, तडकली तरी चालेल, माणसांच्या अंगावर बसायला नको.

पालक, नाशिक
लेकीला 'फ्लेक्सिबल' आणि 'डक्टाइल' वेगळे करून हवे होते. प्लास्टिकची पट्टी वाकवून सोडली, सरळ झाली. बाइंडिंग वायर वाकवली, तशीच राहिली. पुढचं तिनेच सांगितलं.

तांब्याची भांडी घडवणारं घर, पुणे
आमच्याकडे इंग्रजी शब्द नव्हता. मठार (हातोडीचे ठोके) देता देता तांबं कडक होतं, तेव्हा हात थांबवून ते भट्टीत लाल करायचं, नरम झालं की पुन्हा हातोडी. न तापवता ठोकत राहिलं तर काठाला चीर जाते. डिप्लोमात याला 'वर्क हार्डनिंग' आणि 'अ‍ॅनीलिंग' म्हणतात हे कळलं, तेव्हा वडिलांना फोन करून सांगितलं.